बैरंग

१२ जानेवारी, सोमवार

मायला घेऊन वाशीमला डोळ्यांच्या डॉ.कडे. सकाळची एस.टी. रिसोडपासून ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, मला वाटलं झोपली. मग मधेच म्हणाली, "तुरी कापून झाल्या वाट्टे इकडच्या." म्हणजे दिसत होतं काहीतरी.

काचबिंदू. उजवा गेलाच. डाव्यात मधला एक ठिपका उरलाय, नळीतून पाहिल्यासारखा. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी धरून ठेवायचं. किती दिवस? डॉ. म्हणाले, सांगता येत नाही. महिने असतील, आठवडे असतील. "काही दाखवायचं असेल तर दाखवून घ्या आजीला." त्यांच्या मनात देव असेल, पणतू असेल.

माझ्या मनात काचेचा लोलक आला. मागवलाय तो. अजून पोचला नाही.

१३ जाने., मंगळ.

लोलक पाठवणाऱ्या कुन्नूरकरांना फोन. जुन्या वस्तूंच्या त्या साइटवर त्यांचं नाव भलं लांबलचक आहे, राहतात कुन्नूरला, म्हणून मी मनात कुन्नूरकरच म्हणते. आधी खोकला, मग इंग्रजी, थेट आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या वळणाचं. पार्सल पाच तारखेलाच टाकलंय म्हणाले. त्यांच्या टेकडीवर कुरियर येत नाही, म्हणून साध्या टपालानं. नंबर वगैरे नाही. "मॅडम, बायकोच्या खणात तिकिटं होती. ती सगळी लावून टाकली. कधीपासून जपून ठेवली होती तिनं."

झुंबर तिच्या माहेरचं. घर लहान झालं, म्हणून एकेक लोलक विकताहेत. माझा शेवटचा.

पल्लवी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मम्मी, नंबर नाही म्हणजे फ्रॉड असते." सून माझी हुशार आहे, पण तिला सगळं जग चोर वाटतं.

१५ जाने., गुरु.

संक्रांतीचा पसारा आज आवरला. माय ओसरीत उन्हात बसून तीळ निवडत होती, बोटांनी. खडा लागला की बाजूला. एकही चुकला नाही.

दुपारभर बोर्डिंगचं पार्लर डोळ्यांपुढे. पाहुण्यांची खोली ती. मुलींना तिथे बंदी. मी मात्र महिन्यातून दोनदा तरी जायची. का जायची ते इथं लिहीत नाही, अजूनही कान गरम होतात.

खिडकीच्या दांडीला तारेनं बांधलेला एक लोलक. जुन्या चॅपलच्या झुंबरातला एवढाच उरलेला. बोटाएवढा लांब, टोकाशी एक टवका उडालेला. दुपारी ऊन त्यातून यायचं आणि लाल फरशीवर रंगांची पट्टी पडायची. सि. ॲग्नेस माझं मनगट धरून तळवा त्या पट्टीखाली न्यायच्या. "होल्ड इट, चाइल्ड." नऊ वर्षांची मी. हातावर काहीच वजन नाही आणि हात भरलेला. मी श्वास रोखून उभी राहायची. मूठ मिटायची हिंमत कधी झाली नाही.

सुटीत गावी गेले की मायला सांगायची, माय, हातावर रंग घेता येतात. ती भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा म्हणाली, "मले दाखवजो एकडाव."

पंचावन्न वर्षं झाली. राहून गेलं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मनात अढी होती.

१७ जाने., शनि.

हळदीकुंकवाला दोन घरी जाऊन आले. दारातच पल्लवी.

"मम्मी, तुम्ही साडी मागवली होती का? पोस्टमन आला होता. तोच म्हणे, बेरंग पार्सल आहे. वरून पैसे मागून राह्यला. मी म्हटलं, रंग गेलेला माल आम्हाला नको, जा घेऊन वापस."

वाणाची पिशवी हातातच राहिली. "बेरंग म्हणाला, की बैरंग?"

"तेच ते. बेरंग."

आतून, बाजेवरून, माय: "काय? बैरंग आलं? कोनाचं?" आणि मग, "बैरंग वापस करत नाही ना बापा."

पोरीची चूक नाही. तिच्या जन्मात तिनं हा शब्द ऐकला नाही. आणि पार्सलसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, हे मोबाइल रोज सांगतो. मी तिला समजावलं. टपालाला तिकीट कमी लावलं, किंवा लावलंच नाही, की ते बैरंग. ज्याच्या नावचं असेल त्यानं दुप्पट भरून सोडवायचं. ती म्हणाली, "चूक पाठवणाऱ्याची अन् दंड घेणाऱ्याले? हे कुठलं गणित?" मग हळूच, "काचेचं होतं का ते? आजीसाठी?" जेवली नाही नीट.

कुन्नूरकरांच्या बायकोची तिकिटं. जुनी, पै-पैची. आजच्या दराला ती काय पुरणार होती.

आणि हा शब्द. बोर्डिंगात माझं नावच होतं ते. मायची पत्रं कधीच तिकिटाची येत नसत. गुरुजींकडून लिहून घ्यायची, शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी पेटीत टाकायची, आणि कोपरा कोरा. फाटकावर पोस्टमन पैशांसाठी अडून बसायचा. घंटा वाजायची. सि. ॲग्नेस पैसे भरायच्या आणि मला पार्लरमध्ये बोलावणं यायचं. सगळा वर्ग मान वळवून बघायचा. "बैरंग, चल, तुझं आलं." एकदा मी रडून घरी लिहिलं, तिकीट लावत जा. पुढचं पत्र तसंच. भावाच्या नव्या सदऱ्याला पैसे होते, माझ्या पत्राच्या तिकिटाला नव्हते. हे मी इतकी वर्षं धरून ठेवलं, आज पहिल्यांदा लिहिलं.

१८ जाने., रवि.

पोस्ट बंद. पल्लवीनं मोबाइलवरून दुसरा लोलक मागवला. "हा पक्का येते, मम्मी, ट्रॅकिंगवाला."

मायनं आज हळदीकुंकवाची वाटी चाचपून घेतली. परवापर्यंत बघून घेत होती.

१९ जाने., सोम.

उघडायच्या आधीच पोस्टाच्या पायरीवर. खिडकीत नवी मुलगी. "बैरंग म्हणजे काय काकू?" मी सांगितलं. तिनं गठ्ठे पाहिले, टेबलाखाली पाहिलं. नाही. "नको म्हटलेलं टपाल सकाळच्या थैलीत वाशीमला जाते. गेलं असन." पोस्टमास्तर साहेब मीटिंगला, आमचा पोस्टमन गजूभाऊ तीन दिवस रजेवर, वावरात तूर काढायला. फोन लागत नाही त्याचा.

कुन्नूरकरांना कळवलं. म्हातारे इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. परत आलं तर ते पैसे भरून पुन्हा पाठवणार. पण तिकडे जायचं, तिकडून यायचं. आणि डाव्या डोळ्यातला तो ठिपका तोवर थांबणार का.

२० जाने., मंगळ.

एकटीच वाशीमला. मोठ्या पोस्टात चौकशीच्या खिडकीवरून आत पाठवलं, जाळीपलीकडे. चौकोनी खणांची भिंत आणि तिच्यापुढे एक गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, पत्रं टाकत होते. पाहत नव्हते. बोलत माझ्याशी होते आणि हात चालला होता. मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, मालेगाव, प्रत्येक पत्र आपापल्या खणात. मी पत्ते वाचायचा प्रयत्न केला, एकही वाचून होत नव्हता तोवर ते गेलेलं. मी माझं काम विसरून बघत राहिले.

"तुमच्या हाताला गावं पाठ आहेत," मी म्हटलं.

"रिटायर झालो की हातच रिकामे होतीन," ते म्हणाले. "नाही ताई, बैरंग नाही आलं माझ्याकडे. बैरंग असतं तर हाताले समजलं असतं. किती वर्षांत आलं नाही."

मग गेलं कुठं? त्यांनाही कळेना. नंबर नाही, पावती नाही. "सापडलं त कळवतो." नाव-पत्ता लिहून घेतला, माणुसकी म्हणून.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. एवढी पत्रं अजून लिहितं कोण? आणि प्रत्येकाचं दार ठरलेलं.

२१ जाने., बुध.

काही नाही. मायच्या डोळ्यात थेंब घालताना ती म्हणाली, "तुयं तोंड दिसते, सुमे, कान नाही दिसत."

२२ जाने., गुरु.

अकरा वाजता घंटी. गजूभाऊ. काखेत पार्सल.

"घ्या काकू. वावरातून काल संध्याकाळी आलो. कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं मी, चावी मायाच खिशात राह्यली."

मी खुर्चीवर बसले. "पण पल्लवीनं तर वापस केलं होतं."

"सूनबाईनं केलं. नाव तुमचं हाय. ज्याच्या नावचं त्यानंच नाही म्हणाव, मंग थे वापस. तोवर सात दिवस आपल्याकडे रायते." आणि मग जरा हळू, "आन् हे पाहा ना, काकू. हे असं वापस करू वाटते का?"

खोकं दिसतच नव्हतं. नुसती तिकिटं. आगगाड्या, पक्षी, कापसाची बोंडं, उपग्रह, नांगर, कोण कोण पुढारी, विटलेले निळे, विटलेले तांबडे, एकाला एक चिकटून चारी बाजूंनी. मधे तळहाताएवढी जागा सोडून माझा पत्ता. एका बाईचा सगळा खण.

गजूभाऊ म्हणाला, त्याच्या नोकरीतलं हे पहिलं बैरंग. पोस्टमास्तर साहेबांनी पुस्तक काढून पाहिलं, दुप्पट कसं लावतात ते. शिक्का शोधायलाच अर्धा तास गेला. पल्लवी आतून पैसे घेऊन धावत आली, मी नको म्हटलं. माझ्या नावचं मीच सोडवणार.

मायनं खोकं मांडीवर घेतलं. कडा कडा चाचपल्या. बोटं तिकिटांच्या दातऱ्यांवरून फिरत होती.

"एवढे तिकीट लावून बैरंग?" हसली. "मी त एकही लावत नव्हती."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पंचावन्न वर्षं गिळलेलं. "काहून नव्हती लावत, माय? मला पोरी चिडवत होत्या."

तिनं खोकं मांडीवर सारखं केलं. मग अगदी साधेपणानं, जसं सुनेला लोणच्याचं प्रमाण सांगावं:

"पयले दोन पत्रं तिकिटाचे टाकले होते. तुले भेटले?"

नव्हते भेटले.

"मंग. तिकिटाच्या पत्राची पोस्टाले काय फिकीर? पैसे त भेटून गेले. बैरंगाचे घ्याचे रायतात. थो बुडवत नाही, हातात नेऊन देते."

मी म्हटलं, हो, पण भरायच्या सिस्टर.

"तेच त." तिनं माझ्याकडे तोंड केलं, ठिपक्यात मला आणायला मान जरा तिरपी. "चारशे पोरी होत्या म्हने तिथं. तुयाकडे कोन पायते? मी म्हटलं, त्या बाईनं सोताचे पैसे भरले की थे मनात म्हनन, कोन व हे पोरगी, बोलवा तिले. पंधरा दिवसात एकडाव त निरखून पायन. जेवली का, वाळली का. मले वाचता येत नव्हतं, सुमे. पन एवढं समजे."

पल्लवी दाराशी उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला नाही, पण आत गेली.

खोकं अजून उघडलं नाही.

२३ जाने., शुक्र.

आभाळ. ऊन नाही.

लोलक निघाला कापसाच्या तीन थरांतून. बोटाएवढा. टवका नाही त्याला. हातात घेतला तर गार आणि जड, आणि अगदीच बिनरंगाचा. पल्लवी म्हणाली, "मम्मी, खरंच बेरंगच निघाला की." तिघीही हसलो, माय सगळ्यात जास्त.

दिवसभर एकच विचार. मला पार्लरमध्ये नेणारी सि. ॲग्नेस नव्हती. शेलूबाजारच्या पेटीपाशी उभी असलेली एक बाई होती, पायात वहाण असेल नसेल. तिनं कधी बोर्डिंग पाहिलं नव्हतं, सिस्टर पाहिली नव्हती. गावातून हिशेब मांडला, की पैसे भरणारा माणूस पाहतो. आणि प्रत्येक वेळी बरोबर उतरला. माझ्या तळहातावर जेवढे रंग पडले तेवढे कोऱ्या कोपऱ्यातून आले.

आणि मी लाजत होते.

२४ जाने., शनि.

आभाळच. ट्रॅकिंगवाला लोलक आला. प्लास्टिकचा. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर नुसते पांढरे डाग. पल्लवीनं तो गुपचूप तुळशीला बांधला.

मायला विचारलं, उद्या ऊन पडेल का? "उद्या रथसप्तमी. त्याचाच दिवस हाय, येइन नाही त काय करन."

२५ जाने., रवि. रथसप्तमी

आलं.

सकाळी अंगणात गोवरीवर दूध उतू घातलं. नऊनंतर ऊन मधल्या खोलीत पार पलंगापर्यंत, जानेवारीतच येतं एवढं आत. लोलक खिडकीच्या गजाला तारेनं बांधला, तसाच. आधी काहीच नाही. मी तार जरा पिळली.

आणि पट्टी. भिंतीवर नाही, थेट मायच्या लुगड्यावर. पल्लवी "अगं बाई" म्हणाली.

माय विचारते, "कुठं?"

तिचं मनगट धरलं. केवढंसं झालंय. तळवा पट्टीखाली नेला. तिनं पुढे पाहिलं, बाजूला पाहिलं. मान हळूहळू फिरवत राहिली, अंधारात दाराची कडी शोधावी तशी. मी श्वास रोखलेला. मग मान थांबली.

बोटं जरा पसरली.

"हेच का थे?"

"हेच."

"लाल... मंग पिवळं... हिरवं हाय न व हे?" जांभळ्यापर्यंत एकेक करून गेली, एका वेळी एकच दिसत होता तिला. सगळे एकत्र मला दिसत होते आणि तिला एकेक, आणि मला वाटलं, मी आजवर ते नीट पाहिलेच नव्हते.

मग तिनं मूठ मिटली. मी कधीच मिटली नव्हती. रंग आत राहिले नाहीत, वरून बोटांच्या हाडांवर येऊन बसले. तिनं मूठ उघडली, रंग तळव्यात. मिटली, रंग वर. चारपाचदा. तोंडाचं बोळकं उघडं.

"पकडलं त वर बसते, सोडलं त आत येते," म्हणाली. "पाय ना व."

पावणेदहाला ऊन सरकलं.

२६ जाने., सोम.

शाळेत झेंडा, लाउडस्पीकर. आज पुन्हा बसवलं तिला खिडकीशी. लालपासून हिरव्यापर्यंत सांगितलं. पुढे म्हणाली, "तू सांग."

कुन्नूरकरांना फोन करून सगळं सांगितलं. आधी खोकला. मग म्हणाले, तिचं एखादं तिकीट उरलं असतं तर ते लावून आजींना पत्र टाकलं असतं.

दुपारी माय: "तुया सिस्टरले पत्र लिह."

मी म्हटलं, आता कुठल्या सिस्टर. असल्या तर नव्वदीच्या पुढे. म्हाताऱ्या सिस्टरांच्या कुठल्या घरी ठेवलंय ते माहीत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका पत्त्यावर नाताळचं कार्ड पाठवलं होतं, उत्तर नाही.

"लिह."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. तिच्या शब्दांत, मग खाली इंग्रजीत. आयुष्यभर गुरुजींनी तिचं पत्र लिहिलं, आज मी. एवढंच: "बाई, मी सुमनची माय. तुमी पैसे भरत गेल्या, मी मुद्दाम भराले लावले. माफी करजा. माही पोरगी चांगली निघाली. थे रंग मी काल पायले."

मी पर्समधून तिकीट काढलं. तिनं आवाजावरून ओळखलं.

"तिकीट नोको लावू."

"माय, त्या नसतील तर?"

"असन त कोनीतरी भरन, आन् पत्र त्याईच्या हातात नेऊन देइन. नसन त वापस येइन, तू भरजो. तिकिटाचं हरवलं त तुले काय कळन?"

गणित तिचंच बरोबर, तिकीट परत पर्समध्ये टाकलं. कॉन्व्हेंटात शिकले मी.

२७ जाने., मंगळ.

पोस्टासमोरची लाल पेटी. पाकीट हातात, वर तोच नाशिककडचा पत्ता, मागे माझा, तिकीट पर्समध्ये. बराच वेळ उभी. नवी मुलगी खिडकीतून बघत होती. कोपरा कोरा ठेवून पाकीट हातातून सोडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. ती दर वेळी कशी सोडत असेल.

सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला.

घरी आले तर माय खिडकीशीच. "टाकलं?"

"टाकलं."

"कोरं?"

"कोरं."

"मंग पोहचते."

ऊन गेलं होतं. तिचा तळवा मात्र मांडीवर उघडाच होता.

आता रोज अकराला गजूभाऊची घंटी वाजली की मी आधी त्याचे हात बघणार. ज्या ज्या दिवशी त्यांत ते परत आलेलं पाकीट नसेल, तो तो दिवस सिस्टर असतील.